भांड्यांना सुतक नाही

मी, श्रीमती पद्मा नरहर उपासनी, जन्माने धुळ्याची, लग्नानंतर लखनौची, राहणार निशातगंज, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस असावं लागतं, ते नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठून एखादं निघालंच तर ते खोटं समजावं, आणि ते कोणी केलं असेल याचा अंदाज कलम पाचमध्ये येईल.

वकीलसाहेबांना हे हिंदीत हवं होतं. मी म्हटलं, भाजी मी हिंदीत घेते, भांडते मराठीत, आणि यात भाजी फारशी नाही. ते हिंदी तर्जुमा जोडणार आहेत. दोन्हींत फरक पडला तर हे खरं धरावं.

कलम १. माझे पती नरहर मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर होते. नोकरीभर तिथल्या कॉलनीत राहिलो, रिटायर झाल्यावर निशातगंजच्या या गल्लीत घर घेतलं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ते गेले. आम्हाला एक मुलगा, अभिजित, तो नोएडाला असतो. सून मंजिरी. नात वेदिका, तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. वाईट यांतलं कोणीच नाही. अभिजित दर रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का?" विचारतो, मी "हो" म्हणते. "बरं, ठेवू?" म्हणतो. ठेव बाबा.

कलम २. बँकेत जे असेल ते अभिजितचं. त्याने मला विचारून खर्च करायची गरज नाही, एरवी तो हॉटेलात पनीर मागवतानाही मला विचारतो. माझ्या पाटल्या मंजिरीला. तिला त्या जुनाट वाटतात हे मला माहीत आहे, तिने मोडून हवं ते करून घ्यावं, मी वरून बघायला येणार नाही. नरहरांची हत्यारांची पेटी अभिजितला. तो ती कधी उघडणार नाही, पण लहानपणी तीवर बसून तो इंजिन चालवायचा. बसायला तरी ठेवावी.

कलम ३. राहतं घर, पुढची एक खोली सोडून, अभिजितला. ते विकून मी नोएडाला यावं असं तो गेली तीन वर्षं म्हणतो आहे. एकदा मी जाऊन राहिले. त्यांचा फ्लॅट इतक्या वर आहे की कावळासुद्धा येत नाही. एक दिवस बेसन संपलं म्हणून मी वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं, तर आतल्या बाईने दार न उघडता विचारलं, "किस ऐप से आई हैं?" मी परत फिरले. मंजिरी म्हणाली, "आई, मागवायचं ना मोबाइलवरून, दहा मिनिटांत येतं." येतं ग, बेसन येतंच. मी आठवडाभरात लखनौला परतले. माझ्यामागे त्याने घर खुशाल विकावं. पुढच्या खोलीशिवाय गिऱ्हाईक मिळायला त्रास पडेल, भाव उतरेल. उतरू दे.

कलम ४. आता पुढची खोली. तिचं दार गल्लीत उघडतं आणि तिच्यात भांडी आहेत. ही भांडी माझी नाहीत. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, "तो फिर आप दे कैसे सकती हैं?" म्हणून हे सविस्तर लिहिते.

मानक नगरच्या कॉलनीत आम्ही मराठी घरं बरीच होतो, आणि छावणीतून सैन्यातली, हवाई दलातली कुटुंबं येऊन मिळायची. सगळ्यांचं मिळून एक मंडळ होतं. गणपती, वर्षाची सत्यनारायणाची पूजा, थंडीत भरिताचं जेवण. सगळे बदलीचे लोक. बदलीचा हुकूम आला की सामान ट्रकात चढायचं आणि एखादं मोठं भांडं हमखास मागे राहायचं. पहिलं पातेलं यमुनाचं. तिचे यजमान शिवाजीराव सैन्यात होते, ऑर्डर आली जोधपूरची. ट्रक भरला, पातेलं मावेना. ते तिने माझ्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पद्माताई, असू दे, कुणाच्या तरी कामाला येईल." आणि गेली. पुन्हा भेट नाही. मग दर बदलीला कोणी परात ठेवली, कोणी कढई, मालिनीने तर जाताना वरणाची बादली ओगराळ्यासकट ठेवली आणि बादलीला मिठी मारून रडली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. वर्गणी नव्हती, नियम नव्हता. आपण जातोय तर इथल्यांसाठी काही राहावं, एवढंच.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत, त्यामुळे प्रत्येकावर नाव आहे. सौ. यमुना. सौ. मालिनी. कै. सासूबाईंच्या स्मरणार्थ. बिननावाची जी आहेत ती आमची. मी नरहरांना म्हटलं होतं, नाव घालून आणा, हरवतील. ते म्हणाले, "हरवलं तर कुणाला तरी सापडेलच ना." असा माणूस. आम्ही रिटायर होऊन इकडे आलो तेव्हा ट्रकात आमच्या सामानापेक्षा लोकांची भांडी जास्त होती, आणि ते ड्रायव्हरशेजारी मांडीवर परात घेऊन बसले होते.

लग्न, मुंज, बारसं, पूजा, ज्याला लागेल त्याने यावं आणि न्यावं. मी कधी वहीत लिहिलं नाही, अनामत घेतली नाही. आणि भांडं परत यायचं ते रिकामं नाही. ही आपली जुनी रीत, भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. लाडू यायचे, शिरा यायचा. मलिहाबादला एक मराठी कृषी अधिकारी होते, त्यांच्याकडून हंडा यायचा तो दशहरी आंब्यांनी भरलेला. दार वाजायचं, "वहिनी, आहात का?" नरहर आतून ओरडायचे, "जाणार कुठे!" या घरात माणसं येत होती ती भांड्यांमुळे. तेव्हा हे कळत नव्हतं. तेव्हा मी दार वाजलं की कपाळाला आठ्या घालायचे.

कलम ५. हे कलम मंडळाबद्दल आणि त्याचे अध्यक्ष श्री. आत्माराम पळसुले यांच्याबद्दल आहे. हिंदी तर्जुम्यात ते सौम्य करू नये.

मंडळात कोणाकडे मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भात पाठवायचा, आणि तो माझ्याकडून जायचा. मी करायचे आणि नरहर स्कूटरवर नेऊन द्यायचे. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. नरहर गेले त्या दिवशी मंडळातले झाडून सगळे आले. हळहळले, हात धरले, माझ्याबरोबर रडले, आणि आपापल्या घरी गेले. जेवण कोणाकडून आलं नाही. दुष्टपणाने नव्हे हो. ज्या घरातून सगळीकडे डबा जायचा, त्या घरी डबा कोण नेणार, हे कोणाला सुचलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणी पाठवला असेल. माझं सोडा, मला भूक नव्हती. पण अभिजित नोएडाहून उपाशी धावत आलेला. पन्नाशीचा माणूस, बापाला अग्नी देऊन आला, अंघोळ केली, आणि पायरीवर बसून पाण्यात बुडवून बिस्किटं खात होता. ते मी खिडकीतून बघितलं. ते मी विसरणार नाही. माफ केलं आहे, पण विसरणार नाही.

त्याच आठवड्यात मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. आमच्या घरी सुतक, मग सुतकातल्या घरची भांडी पूजेच्या स्वयंपाकाला चालतील का? चर्चा झाली. चालत नाहीत असं ठरलं. आत्मारामांनी टेंट हाऊसवाल्याकडून भांडी आणवली. तो टेम्पोने आणून देतो, खरकटी घेऊन जातो, घासायची कटकट नाही. सगळ्यांना बरं वाटलं. माझं सुतक तेराव्या दिवशी फिटलं. भांड्यांचं मंडळाने फिटूच दिलं नाही. त्यानंतर मंडळातलं कोणीही भांडं न्यायला आलं नाही, गणपतीलासुद्धा नाही. मी दसऱ्याला चिंच लावून सगळी घासली. एकेक नाव वाचत घासली. यमुना, मालिनी. ज्यांनी ठेवली त्यांच्याशी बोलले थोडी, दुसरं होतंच कोण?

मग मागच्या वर्षी आत्माराम आले. रिटायर अकाउंट्स ऑफिसर, बोलणं सगळं फायलीतलं. म्हणाले, "वहिनी, आता पितळ कोण वापरतं हो? डेड स्टॉक आहे. मोडीत काढू आणि त्यातून मंडळाच्या हॉलमध्ये देणगीदारांचा संगमरवरी फलक करू. तुमचं नाव सगळ्यात वर."

मी म्हटलं, "आणि ज्यांची भांडी आहेत त्यांची नावं?"

"ते सगळे बदलून गेले वहिनी. काही तर वरच गेले."

"मग त्यांना विचारून या," मी म्हटलं, आणि चहा दिला नाही. आमच्या घरातून चहाशिवाय गेलेला तो पहिला माणूस. पुढच्या आठवड्यात त्यांनी खोलीसाठी एक कुलूप पाठवलं, 'मंडळाची मालमत्ता' अशी चिठ्ठी चिकटवून. ते कुलूप मी जपून ठेवलं आहे. माझ्या मृत्यूनंतर ते किल्लीसह श्री. आत्माराम पळसुले यांना द्यावं. त्यांना द्यायचं ते एवढंच.

कलम ६. नरहर गेल्यानंतर दोन दिवसांनी ज्येष्ठातला मंगळवार होता. इकडचा ज्येष्ठ, आपला वैशाख संपायच्या आधीच यांचा ज्येष्ठ लागतो. या महिन्यातल्या मंगळवारांना इथे बडा मंगल म्हणतात. अख्ख्या लखनौत गल्लोगल्ली हनुमानाच्या नावाने भंडारे लागतात, पुरी-सब्जी, बुंदी, सरबत, येईल त्याला फुकट. कोण कुठला, कोणी विचारत नाही. आदल्या दिवशी दुपारी आमचं दार वाजलं. गल्लीतल्या अवस्थींची सून, कुसुम. तोवर माझी तिची ओळख नमस्तेपुरती.

"अम्मा, बुरा मत मानिएगा. कल भंडारा है, टेंट वाले के सब भगोने बुक हैं. सुना है आपके पास बड़े वाले हैं."

मी म्हटलं, "हमारे यहाँ सूतक है, बेटा."

तिला माहीत होतं. म्हणाली, "आपको है अम्मा. बर्तन को थोड़े ही है. आग पर चढ़ेगा, सब ठीक."

मी किल्ली दिली. यमुनाचं पातेलं तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन्हीकडून धरून नेलं. मंगळवारी संध्याकाळी ते परत आलं, घासून लख्ख, आणि आत केळीच्या पानावर पुऱ्या, कद्दूची सब्जी, वाटीभर बुंदी. मी तिला आमची रीत सांगितली नव्हती. नरहर गेल्यावर या घरात बाहेरून आलेलं ते पहिलं शिजलेलं अन्न. अभिजितला मी ताट वाढलं. त्याने मान वर न करता सगळं खाल्लं आणि विचारलं, "आई, अजून आहे?" होतं.

तेव्हापासून दर ज्येष्ठात भांडी जातात. मागच्या वर्षी वेदिका आली होती, तिने ओढणी कमरेला खोचून दुपारभर पुऱ्या वाढल्या. रात्री खोलीत भांडी लावताना विचारते, "आजी, ये सब हमारा है?"

"नाही ग. आपल्याकडे आहे."

"तो किसका है?"

मी एकेक नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ठीक है. तो फिर मैं भी पास रख लूँगी." या घरात माझ्याशी कोणी बोललेलं शेवटचं चांगलं वाक्य ते. बाकी वर्षभर ज्येष्ठाची वाट बघायची. अकरा महिने दार गप्प असतं. दूधवाला पिशवी टांगून जातो, तोही हल्ली घंटी वाजवत नाही.

कलम ७. म्हणून पुढची खोली आणि तिच्यातली भांडी वेदिकाच्या नावे, ठेवून घेण्यापुरती. तिने ती विकू नयेत, मोडीत घालू नयेत, भाड्याने देऊ नयेत. त्यांच्यावरची नावं खोडू नयेत. बिननावाच्यांवर माझं नाव घालू नये, नरहरांना आवडणार नाही. मागणारा कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, मेंबर आहे की नाही, हे विचारू नये. मंडळालाही द्यावीत. आत्मारामांना द्यायची नाहीत, मंडळाला द्यायची. पण त्यांना फोनवर मागता येणार नाहीत, दार वाजवावं लागेल.

खरं तर ही खोली मी कुसुमला देणार होते. तिला सांगितलं तर ती उठूनच उभी राहिली. "अम्मा, मेरे नाम मत लिखिए. मेरे नाम हुआ तो घर में सब कहेंगे, अपनी चीज़ है, सँभाल के रखो. फिर कुछ बाहर नहीं निकलेगा. आप बस चाबी दे दीजिए." तेव्हा किल्ली कुसुमकडे. किल्ली म्हणजे मिळकत नव्हे असं वकीलसाहेबांकडून विचारून घेतलं आहे.

त्याचा एक फायदा झाला. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलसाहेब म्हणतात. मी बसून विचार केला, माझ्या ओळखीत असं कोण आहे? मंडळातल्या घरांतून माणसं आठवत गेले, आणि कोणाचं दार वाजवावं तेच कळेना. शेवटी एक आमचे गल्लीतले डॉक्टर, आणि दुसरी कुसुम. तिने यातलं काही घेतलं नाही, हे कायद्याने खरं आहे. लिपी एकच असल्यामुळे तिला अर्धं वाचता येईल, आणि तिच्याबद्दल लिहिलंय तेवढं नेमकं कळेल. वाच ग बाई, खोटं काही नाही.

कलम ८. मी जाईन त्या दिवशीही त्या खोलीला कुलूप घालू नये. माझं सुतक अभिजितला लागेल, मंजिरीला आणि वेदिकाला लागेल. भांड्यांना लागणार नाही. मला न्यायची तयारी चाललेली असताना कोणी परात मागायला आलं, तर "आज नको" म्हणू नये. हळूच द्यावी.

आणि नेणाऱ्याला एक गोष्ट सांगावी. मी हे जन्मात कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून आणवायची ती रीत नव्हे, ज्याला सुचेल त्याने आणायचं. पण त्या एका दिवसापुरतं मी मागते. मागायची सवय नाही, शब्द नीट येत नाहीत, सांभाळून घ्यावं. त्या दिवशी भांडं रिकामं परत आणू नका. आमच्या घरात चूल पेटलेली नसेल. अभिजित लांबून आलेला असेल. तो स्वतःहून काही सांगणार नाही, बाहेर पायरीवर बसलेला दिसेल. त्याला जेवायला घाला.

एवढंच माझं म्हणणं. हे सगळं मी वाचून पाहिलं, डॉक्टर आणि कुसुम यांच्या समोर सही केली, आणि माझ्या समोर त्यांनी केली. अंमलबजावणी अभिजितने करावी, कलम आठ सोडून, ते किल्ली जिच्याकडे तिने बघावं. ते त्याला आधी वाचून दाखवू नये.

सही: पद्मा नरहर उपासनी

साक्षीदार:
डॉ. राघव सक्सेना, निशातगंज. (श्रीमती उपासनी पूर्ण शुद्धीवर आहेत, मी आज तपासलं आहे.)
श्रीमती कुसुम अवस्थी, निशातगंज. (सहीला येताना कालच्या भंडाऱ्याची कढई परत आणली. बुंदी आहे.)

ठिकाण: लखनौ
बुधवार, २८ मे २०२५